घरच्या घरी अ‍ॅनिमेचं चिलखत करायचंय: फोम, पुठ्ठा का पत्रा?

अनगोळकरीण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला आहे. मला आणि मैत्रिणीला बंगळूरच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-अ‍ॅनिमेवाल्यांच्या मेळाव्याला जायचंय आणि तेही कॉस्प्ले करून, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घालून. ती 'फुलमेटल अल्केमिस्ट' या अ‍ॅनिमेतला (जपानी कार्टून मालिकेतला) एडवर्ड करणार, म्हणजे लाल कोट, सोनेरी वेणी आणि उजवा हात लोखंडी. माझ्या वाट्याला त्याचा भाऊ अल्फॉन्स आलाय. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: अल्फॉन्सला शरीरच नसतं, त्याचा आत्मा एका चिलखतात बांधलेला असतो आणि चिलखत आतून रिकामं. धाकटा असून थोरल्याच्या दुप्पट दिसतो, जवळजवळ सात फुटी. माझी उंची पाच फूट दोन इंच. हसा.

तयार मागवायचं म्हटलं तर फी भरायचे पैसे जातील. चार हजारात बसवायचंय. घरात शिलाई मशीन आहे, बाबांचं ड्रिल आहे, गच्ची आहे. फोम घेऊ, पुठ्ठा घेऊ का पत्रा? डोकं कसं करू? आणि एवढं धूड बंगळूरला न्यायचं कसं?

पप्पू_शहापूर
काय गे, सात फुटी कशाला, दारातनं बाहेर येणार कसं ते आधी बघ 😂

निपाणीकर
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. आपल्याकडं एवढी चिलखतं, जिरेटोप, दांडपट्टे असताना जपानचं कशाला करायचं? मावळा कर. बंगळूरच्या लोकांनाही कळू दे.

पप्पू_शहापूर
@निपाणीकर, महाराजांनी १६५९ ला प्रतापगडावर चिलखत अंगरख्याच्या आत घातलेलं. वरून दिसायचंच नाही. मग तिनं एवढे पैसे घालून करायचं काय, नुसता अंगरखा शिवला की झालं!

निपाणीकर
विनोद बरा आहे पण मुद्दा तो नाही.

नियंत्रक
मुद्दा चिलखताचा आहे. सीमाप्रश्न, पाट्या, कोण कुणाची संस्कृती विसरलं हे सगळं दुसऱ्या धाग्यावर न्या, तिथं आधीच पाचशे प्रतिसाद आहेत, अजून एकाची सोय होईल.

चित्ररथ_काका
बाळ, मी बोलू काय. आमच्या गल्लीच्या शिवजयंतीच्या चित्ररथाचं सामान मी आणि माझे मित्र जन्मभर करत आलोय, वैशाखातली मिरवणूक, रात्री सुरू होते ती पहाटेपर्यंत. ढाली, चिलखतं, हत्तीचं तोंड, बुरूज, काय म्हणशील ते केलंय. पूर्वी आम्ही पत्र्याचंच करायचो, तेलाचे डबे फोडून सपाट करून. दिसायला एक नंबर. मशालीच्या उजेडात खरं वाटायचं. पण कडा दुमडायला चुकलं की काखेत चिरलंच म्हणून समज, आणि रात्रभर अंगावर वागवायचं म्हणजे सकाळी पोरगा खांदा वर करू शकत नाही. तेव्हा पत्रा डोक्यातनं काढून टाक.

पुठ्ठा चालतो. टीव्ही, फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यायचा, वर कागदाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीनं दोन-तीन थरात चिकटवायचे, वाळू द्यायचं, मग रंग. लाकडासारखं कडक होतं. खर्च जवळजवळ नाहीच. खळीत मोरचूद टाक चिमूटभर, नाहीतर उंदीर आणि झुरळं रात्रीत फस्त करतात.

आणि निपाणीकर साहेब, पोरगी हातानं काहीतरी करूलीय, करू दे की वो. आमच्या चित्ररथावर पण एके वर्षी अफझलखानाला कुणीतरी सिनेमातल्या रोमन शिपायाचा टोप घातलेला, कुणाला पत्ता लागला नाही.

बंगळूरवासी_बेळगावकर
काकांना नमस्कार, पण इथं मी थोडा विरोध करणार. चित्ररथावरचं चिलखत ट्रॉलीवर उभं राहण्यासाठी असतं. माणूस एका जागी तलवार उगारून उभा, खाली ट्रॅक्टर चालतोय. कॉस्प्लेचं चिलखत घालून चालायचं असतं, जिना चढायचा, रांगेत थांबायचं, कुणी फोटो मागितला की गुडघ्यावर बसायचं. खळीचा पुठ्ठा पहिल्यांदा वाकलात की मोडतो आणि घामानं आतून मऊ पडतो. मी इथं दोन-तीनदा कॉमिक कॉनला गेलोय, बघायला, आणि दुपारनंतर अर्ध्या लोकांच्या हातात त्यांचेच खांदे असतात.

फोम घे. ईव्हीए फोम. लहान पोरांच्या खोलीत जमिनीवर टाकतात त्या कोड्यासारख्या अडकवायच्या रंगीत चटया, तोच. साधारण १० मिलिमीटर जाड येतात. छाती, पाठ, खांदे त्यातनं होतील. बारीक पट्ट्या, कडा, नक्षी यासाठी २ किंवा ५ मिलिमीटरची शीट. चटईची एक बाजू खरखरीत असते ती आत ठेवायची, गुळगुळीत बाजू बाहेर.

आणखी एक, आत जाताना प्रॉप्स, म्हणजे वेशासोबतचं सामान आणि हत्यारं तपासतात. धातूचं आणि धारदार काही चालत नाही. म्हणजे पत्र्याचा प्रश्न तिथंच मिटला.

चित्ररथ_काका
हे खरं बोललास. आमची पोरं चालत नव्हती.

डबल_रोटी
थर्माकोल घ्या ना, सगळ्यात हलकं. गणपतीच्या मखरातलं माळ्यावर पडलेलं असेल बघा.

उद्यमबाग
थर्माकोल नको. फोम चिकटवायला जे पिवळं सोल्यूशन लागतं, चपलाला लावतात ते, एसआर ९९८ वगैरे, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. डोळ्यादेखत खड्डा पडतो. स्प्रे पेंट मारला तरी तेच. थर्माकोलला पांढरं फेव्हिकॉल आणि पाण्याचा रंग एवढंच सोसतं.

आता सोल्यूशनचं. लोक घाई करतात. दोन्ही बाजूंना पातळ हात मारायचा आणि थांबायचं, दहा-पंधरा मिनिटं, बोट लावलं तर चिकटलं नाही पाहिजे. मग जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही म्हणून एका टोकाकडनं नेम धरून बसवत जायचं. ओलं असताना जोडलं की दोन दिवसात उघडतं आणि मग लोक कंपनीला शिव्या घालतात. गच्चीवरच काम करा, खोलीत नको, वासानं डोकं धरतं. आणि तिथंच बाजूला उदबत्ती, गॅस काही नको, हे पेट घेतं.

कापताना पाती बदलत राहा. बोथट पात्यानं फोम फाटतो, कापला जात नाही. पातं सरळ उभं धरून एका दमात ओढायचं, करवतीसारखं मागंपुढं नाही.

अनगोळकरीण
बापरे, एवढं सगळं! धन्यवाद काका, दादा, सगळ्यांनाच. फोम ठरला. @उद्यमबाग, सपाट चटईला छातीसारखा फुगवटा कसा येणार? आणि माप कुठनं आणायचं, नेटवरचे नमुने सगळे सहा फुटी अमेरिकन माणसाचे आहेत.

शिवणकाम_खानापूर
माप माझ्याकडनं घे गे बाई. जुना टीशर्ट घाल, त्यावरून स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळ, वरून खाकी चिकटपट्टी सगळ्या अंगावर आडवी-उभी. मैत्रिणीला मार्करनं त्यावरच रेघा मारायला सांग, कुठं छातीचा तुकडा संपतो, कुठं कमर, कुठं काख. मग मागनं कात्रीनं कापून काढायचं, तुकडे सुटे करायचे, सपाट करून कागदावर उतरवायचे. ब्लाउजचा कटोरी पॅटर्न ज्याला कळला त्याला हे कळलंच.

फुगवट्याला पण तेच, टक्स. कागदात पाचरीसारखी फाक कापायची, फोममध्ये तशीच कापून दोन कडा एकमेकींना चिकटवायच्या, फोम आपोआप वर उचलतो. मग हीट गन, गरम हवा मारायचं यंत्र. पण तुला चिलखत अंगाबरोबर नकोय, तू आत हरवली पाहिजेस. म्हणून माप घेताना आत उशी बांध पोटाला आणि खांद्याला, मग गुंडाळ. शिवाय काखेत चार बोटं जास्त सोड. सगळ्या नवख्यांचे हात काखेतच अडकतात.

पप्पू_शहापूर
काकू, हे सगळं करताना तिची आई खोलीत आली तर काय सांगायचं?

शिवणकाम_खानापूर
सांगायचं की शहापुरातनं पप्पू विचारायला येणार आहे, त्याच्यापासून बचाव करूलीय.

निपाणीकर
😂😂 घ्या.

बंगळूरवासी_बेळगावकर
हीट गनचं थोडं सांगतो. गरम हवा सतत हलवत ठेवायची, एका जागी धरली तर फोम जळून फोड येतात. पृष्ठभाग थोडा चकाकायला लागला की थांबायचं. त्याचे दोन फायदे, एक म्हणजे तेव्हा आकार देता येतो, मांडीवर दाबून धर किंवा पातेल्यावर, गार होईपर्यंत सोडू नको. दुसरं म्हणजे वरची छिद्रं मिटतात आणि रंग आत पीत नाही. आकार नसेल द्यायचा तरी सगळे तुकडे एकदा गरम करून घ्यावेत.

घासायचं असेल तर तोंडाला मास्क, फोमची भुकटी फार बारीक असते.

चंदगडचा_पाहुणा
मी सीमेपलीकडचा पण बाजाराला बेळगावातच येतो म्हणून बोलायचा हक्क आहे 😀 ते डोक्याचं कुणी सांगितलं नाही अजून. पाच फूट दोन इंचाची मुलगी सात फुटी होणार कशी? बुटाला दीड फूट उंची लावणार? ढोल पथकातली पोरं बांबूवर चालतात तसं?

अनगोळकरीण
हो हाच माझा सगळ्यात मोठा प्रश्न. यूट्यूबवर लोक जाड सोलचे बूट करतात पण मला चार इंचाच्या वर भीती वाटते.

चित्ररथ_काका
उंची पायातनं नको, डोक्यातनं घे. मिरवणुकीत ते गारुडी गोंबे असतात बघ, मोठमोठाले राजा-राणीचे बाहुले, आत माणूस शिरून नाचतो. मुंडकं त्याच्या किती वर असतं! माणूस बघतो कुठनं तर बाहुलीच्या पोटाला एक फट ठेवलेली असते तिथनं. सगळं वजन आतल्या बांबूच्या सांगाड्यावर आणि सांगाडा खांद्यावर. तुझा राक्षस तसाच कर. तुझं डोकं त्याच्या गळ्याशी येईल. गळ्याच्या पट्टीला काळी जाळी लाव, त्यातनं बघ. त्याचं मुंडकं तुझ्या डोक्याच्या वर, नुसतं ठेवलेलं.

बंगळूरवासी_बेळगावकर
काका!! हे भारी आहे. आणि अल्फॉन्सला तर हे चपखल बसतंय, मालिकेत त्याचं मुंडकं सारखं निघून पडतं आणि आत काहीच नसतं. एक मांजर ठेवलेलं असतं मधेच.

डबल_रोटी
मांजर पण फोमचं करा.

पप्पू_शहापूर
मांजर माझ्याकडनं फुकट न्या, खरंखुरं, तीन आहेत.

अनगोळकरीण
काका मी हे वाचून आईला हाक मारून दाखवलं. गारुडी गोंबे लहानपणापासून बघितलेत आणि कधी डोक्यात आलं नाही. मग बूट तीन इंच आणि वरती दीड फूट असं धरलं तर बसतंय. थोडा ठेंगणा अल्फॉन्स, चालेल. पण मग हात? माझे हात त्याच्या कोपरापर्यंतच पोचणार.

शिवणकाम_खानापूर
हात लांब कर म्हणजे बोटं हलणार नाहीत. बागकामाचे जाड हातमोजे घे, त्यावर फोमच्या चकत्या एकेक बोटाला वेगवेगळ्या चिकटव, सांध्यावर मोकळी जागा ठेव. मनगटापुढचा भाग मोठा दिसला की झालं, लांबी कोण मोजतंय. खांदे रुंद कर, कंबर रुंद कर, पायांना नडगीवर मोठी कवचं लाव. डोळा फसतो. नवरीला शालू नेसवताना आम्ही हेच करतो, फक्त उलटं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मांडी आणि नडगी एका तुकड्यात करू नको. खांद्याचं कवच छातीला चिकटवू नको, रुंद इलॅस्टिकनं लोंबतं ठेव. प्रत्येक सांध्याला वरचा तुकडा खालच्यावर दोन-तीन बोटं चढला पाहिजे, माशाच्या खवल्यासारखा. नुसतं वेल्क्रो भरवशाचं नाही, घामात सुटतं, म्हणून जिथं ओझं आहे तिथं दप्तराची प्लॅस्टिक बकलं लाव. जुनी दप्तरं सगळ्यांच्या घरी असतात.

निपाणीकर
मान्य, मला आता उत्सुकता वाटायला लागली. रंगाचं काय? चंदेरी रंग मारला की स्वस्त नाटकातला टोप दिसतो, हे मी गावातल्या नाटकात बघितलंय. आमच्या भावकीतला एकजण भीम झालेला, गदा चंदेरी, दिव्यात चॉकलेटच्या कागदासारखी चमकत होती.

उद्यमबाग
थेट चंदेरी नाहीच मारायचं. आधी सील, म्हणजे वरची छिद्रं बुजवायची. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. मग काळा रंग, मॅट.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. आम्ही फाउंड्रीवाले, साच्याला आतनं ग्रॅफाइटचा हात देतो म्हणजे ओतलेलं लोखंड वाळूला धरत नाही. ती ग्रॅफाइट पावडर काळ्या रंगावर फडक्यानं घासून बघ. खरं बिडाचं लोखंड दिसतं, चंदेरी नाही, काळपट, तेलकट चमक, कडेला जास्त घासलं की कड उजळते. आमच्या कारखान्यातल्या पोरानं प्लॅस्टिकच्या बाटलीला असं करून टेबलावर ठेवलेली, मालकांनी उचलायला हात घातला तो जोर लावूनच. वरून मॅट क्लिअर, म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक थर मारायचाच, नाहीतर जो मिठी मारेल तो काळा होईल.

ओरखडे पाहिजेत तर ते रंगाच्या आधी फोममध्येच सुरीनं करून वर गरम हवा मारायची, चीर उघडते. तलवारीचा वार वाटतो. खाचांमध्ये पातळ केलेला काळपट-तपकिरी रंग सोडून वरचा पुसून घ्यायचा.

चंदगडचा_पाहुणा
फेव्हिकॉलच्या सीलला माझी हरकत. आमच्याकडं आणि तुमच्याकडं पण पावसाळ्यात काय हवा असते माहिती आहे. फेव्हिकॉल वाळतच नाही, आणि वाळलं तरी पावसात परत चिकट होतं. शिवाय कोपरासारख्या वाकणाऱ्या जागी तडे जातात.

उद्यमबाग
बरोबर. वाकणाऱ्या तुकड्यांना रबरासारखा लवचीक कोट लागतो, तो महाग. सगळीकडं कशाला, कोपर-गुडघ्याच्या पट्ट्यांनाच मारायचा. बाकी छाती-पाठ वाकत नाही, तिथं फेव्हिकॉल. आणि पावसाळ्यात करूच नका, दिवाळीनंतर हवा कोरडी होते तेव्हा करा.

डबल_रोटी
दिवाळीत किल्ला करायचा असतो.

चित्ररथ_काका
किल्ल्यावर ठेव की मग त्याला उभा. राजगडाच्या पायथ्याला जपानी राक्षस.

निपाणीकर
काका, मी सुधारत होतो आणि तुम्ही परत 😀

बंगळूरवासी_बेळगावकर
प्रवासाचं सांगतो म्हणजे हाही प्रश्न सुटेल. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं ये, संध्याकाळनंतर बेळगावात चढलीस की सकाळी बंगळूर. बसच्या डिकीत टाकू नको, वर कुणी कांद्याचं पोतं ठेवलं की छाती सपाट. तुकडे एकात एक बसतील असे कर, नडगीत मनगट, छातीत खांदे. मुंडक्यात बूट. सगळं चादरीत गुंडाळून बर्थखाली नाही गेलं तर वरचा बर्थ तुझा, तू चिलखतासोबत झोप. दुरुस्तीची पिशवी वेगळी ठेव: ग्लू गन, सुटं इलॅस्टिक, सेफ्टी पिना, काळी चिकटपट्टी.

आत उकडतं, भयंकर. मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा मिळतो, तो गळ्याच्या मागं बाहेर हवा फेकेल असा बसव. पाण्याची बाटली नळीवाली. आणि एक माणूस कायम सोबत पाहिजे, तुला पायाखालचं दिसणार नाही. एडवर्ड आहेच म्हणा, तो मालिकेतही हेच करतो.

शिवणकाम_खानापूर
आणि बाथरूमचं कुणी पुरुष बोलणार नाही म्हणून मी बोलते. कमरेचा भाग छातीपासून सुटा कर, दोन बकलं उघडली की निघाला पाहिजे. अल्फॉन्सच्या कमरेला समोर कापडाचा पडदा असतो ना, त्याच्या मागं फोम लावूच नको. खाली काळी लेगिंग. झालं.

पप्पू_शहापूर
जाताना नेलेला आपला बेळगावी गोड कुंदा कोण खाणार हे कुणी ठरवलं काय? बंगळूरला जायचं आणि कुंदा न्यायचा नाही असं चालत नाही. मुंडक्यात दोन किलो बसेल.

बंगळूरवासी_बेळगावकर
मुंडक्यातला कुंदा मी घेतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात.

चंदगडचा_पाहुणा
कुंद्यापेक्षा मांडे आणा. फोमसारखेच पातळ आहेत, छातीला लावता येतील.

नियंत्रक
मांडे विरुद्ध कुंदा हाही दुसरा धागा आहे.

अनगोळकरीण
आज पहिला तुकडा झाला, डाव्या खांद्याचं कवच. चटई खडेबाजारात मिळाली, पण फक्त गुलाबी आणि पोपटी. आजी म्हणाली हे कसलं लोखंड. काळा हात मारून ग्रॅफाइट घासलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं तर तिनं आधी दोन्ही हात पुढं केले. @उद्यमबाग दादा, ग्रॅफाइट उरलेली कशात ठेवू, डब्याचं झाकण उघडलं की फरशीभर होतेय. आणि कडा कापल्यावर फोमच्या जाडीत गुलाबी दिसतोय तिथं रंग धरत नाही.

उद्यमबाग
कडेला छिद्रं उघडी असतात. तिथं आधी गरम हवा, मग फेव्हिकॉल बोटानं जाडसर भर, वाळलं की बारीक पॉलिश पेपर, मग काळा. ग्रॅफाइट औषधाच्या बाटलीत, बूच घट्ट. विजेच्या बोर्डाजवळ सांडू नको, त्यातनं करंट जातो.

चिकोडीची_आई
नमस्कार, सगळा धागा वाचला, फार छान माहिती. माझा मुलगा पहिलीत आहे, त्याला शाळेत फॅन्सी ड्रेसला नारुतो, अ‍ॅनिमेतलाच एक निंजा पोरगा, व्हायचंय. फोम कुठल्या जाडीचा घेऊ? कार्यक्रम उद्या सकाळी नऊला आहे.

शिवणकाम_खानापूर
उद्या?? अक्का, फोम राहू दे. केशरी टीशर्ट, कपाळाला निळी पट्टी, पुढं पुठ्ठ्यावर चांदीचा कागद चिकटवून, गालावर काजळानं तीन-तीन मिश्या. आता झोपवा त्याला.